टोचणारं सिंहासन

"हे सिंहासन टोचतंय!" राजा चंडसेन ओरडला आणि ताडकन उभा राहिला.

भिवा सुताराने त्या आठवड्यात तिसऱ्यांदा रंधा मारला. राजा जपून टेकला आणि पुन्हा कळवळला.

"दसऱ्याला दीड महिना आहे. त्या दिवशी मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत दरबारात बसायचंय. तेव्हा हे टोचलं, तर तू राज्याबाहेर! आणि हत्यारं इथेच ठेवून!"

भिवाला घाम फुटला. हत्यारांशिवाय सुतार पोट कशावर भरणार? त्याच्याबरोबर आलेली मुलगी सारजा मात्र राजाकडे बघत होती. हा तर मऊ गादीवरही कलून बसतो! बाळंतपणानंतर तिची थोरली बहीण अगदी अशीच बसायची.

खांबाआड दोन राजवैद्य कुजबुजत भांडत होते. "आजच कापू!" म्हणत होते कर्तनाचार्य. "मलम लावू!" म्हणत होते लेपशास्त्री. पण पुढे व्हायला दोघेही धजेनात. राजा आजारी आहे असं म्हणेल त्याची जीभ छाटायचा हुकूम होता ना!

सारजा पुढे झाली. "महाराज, सिंहासन निर्दोष आहे. बिघडलंय ते वाड्याचं मागचं दार!"

राजाचे कान लालबुंद झाले. त्याने सगळ्यांना बाहेर घालवलं. फक्त वैद्य आणि सुतार बापलेक राहिले.

"दारातलं तुला काय कळतं गं?"

"सुताराची पोर आहे मी! कधीपासून त्रास देतंय?"

राजाने आवाज खाली आणला. "बारा दिवस."

"आणि त्यातून जाणारा पाहुणा?"

"दगड आहे, दगड! जाता जाता चीर पाडतो. मग चौकट अशी आवळते, की दुसऱ्या दिवशी आणखीच अडतो!"

कर्तनाचार्य सरसावले. "चौकट जराशी कापली की दार मोकळं!"

"पुन्हा नीट मिटेल?" सारजाने विचारलं.

आचार्य खाकरले. माणूस प्रामाणिक होता. "बहुतेक मिटतं. क्वचित एखादं... किलकिलं राहतं."

"किलकिलं? भर दरबारात?" राजा किंचाळला.

लेपशास्त्री खुलले. "म्हणून म्हणतो, मलम! न कापता चौकट सैल!"

"आणि पाहुणा दगडच राहिला तर, शास्त्रीबुवा?" सारजा म्हणाली.

शास्त्रीबुवा मलमाची डबी चाचपू लागले.

"मग करायचं तरी काय?" राजा कावला.

"आधी पाहुणा मऊ करू," सारजा म्हणाली. " पालेभाजी, कोंड्यासकट भाकरी, भरपूर पाणी. रोज कोमट पाण्यात बसायचं, वर शास्त्रीबुवांचं मलम. एवढं करून दसऱ्यापर्यंत चीर भरली नाही, तरच आचार्यांची सुरी!"

वैद्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांच्या माना एकदम हलल्या.

"राजा घंगाळात बसणार? लोक काय म्हणतील?"

"लोकांना दिसलं तर ना! बाबा, सिंहासनाची बैठक मधोमध गोल कापा, आत तांब्याचं घंगाळ बसवा. वरून शेला!"

तिसऱ्या दिवसापासून राजा कोमट पाण्यात बसून फिर्यादी ऐकू लागला. "महाराज हल्ली किती शांत झालेत!" दरबारी म्हणू लागले.

दसऱ्याच्या सकाळी भिवाने लाकडाची बैठक परत जोडली. राजा बसला. दुपार झाली. दिवे लागले. राजाचं हूं की चूं नाही!

"टोचलं नाही!" राजा गरजला. भिवाने कपाळावरचा घाम पुसला. पण राजाची नजर कर्तनाचार्यांकडे वळली. "सुरी तर लागलीच नाही. मग या आचार्यांना पोसायचं कशाला?"

आचार्य पांढरेफटक पडले.

"महाराज," सारजा म्हणाली, "सुरी कमरेला असून त्यांनी दीड महिना हात आवरला. तुमच्या तलवारीला जमलं असतं?"

राजाने तलवारीकडे पाहिलं, सारजाकडे पाहिलं आणि तो खदखदून हसू लागला. हसता हसता उठला, टाळ्या पिटल्या आणि धप्पकन सिंहासनावर आदळला. तरीही हसतच होता!

"आचार्य राहतील!" तो डोळे पुसत म्हणाला. "आणि नदीकाठचं सागाचं अख्खं रान आजपासून सारजाच्या नावे!"