समोरचं दुकान

"शपथ घालणार की नाही, तेवढं सांगा."

नरहरशेठ पुन्हा पुन्हा तेच विचारत होते. बुवा मठाच्या ओसरीवर बसून शेंगा सोलत होते. तावातावाने बोलणाऱ्याला उत्तर कुठे हवं असतं? त्याला कुणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं. बुवा ऐकत होते.

गोष्ट एवढीच होती. तांबट आळीत नरहरशेठांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान. त्यांचा कारागीर मुकुंदा पोरवयापासून त्यांच्याच हाताखाली वाढलेला. उद्या तो त्याच आळीत, अगदी समोर, स्वतःचं दुकान उघडणार होता. मुकुंदाचा बुवांवर फार जीव. दुकान काढू नकोस अशी बुवांनी शपथ घातली असती, तर त्याने ते उघडलंच नसतं. शेठ हे पुरतं जाणून होते, म्हणून तर मठात आले होते.

"बाजार मोकळा आहे, बुवा, मी कुठे नाही म्हणतो? ज्याला वाटेल त्याने दुकान काढावं. पण त्याने? दातांच्या कण्या केल्या मी त्याला शिकवताना. खाल्ल्या मिठाला जागायला नको?"

"जागला नाही? चोरी केली?"

"छे! भलतंच काय..."

"काम अर्धवट टाकून गेला?"

"सगळं पुरं करून गेला. जाताना भट्टीसुद्धा झाडून गेला."

"हात कसा आहे त्याचा?"

इथे शेठ फसले.

"हात? अहो, त्याचं मठारकाम बघा एकदा! हंड्यावर एकेक ठोका असा पडतो की उन्हात धरला तर डोळा ठरत नाही. माझ्या वडिलांनासुद्धा तसं..."

बोलता बोलता त्यांचा चेहरा उजळला होता. लक्षात आलं, तशी त्यांनी मान फिरवली.

"आणि तो हंडा कुणाच्या नावाने विकला जायचा?"

"...माझ्या."

बुवांनी शेंगदाणे पुढे सरकवले. शेठांनी हात लावला नाही. मग त्यांचा राग भलतीकडेच वळला.

"तुम्हाला सोपं आहे हो! तुमचा दामोदर नदीपलीकडे कीर्तन करायला लागला. तुमच्याकडे शिकला आणि तुमचीच माणसं ओढून नेली. बघा, ओसरी रिकामी पडलीय. काहीच वाटत नाही तुम्हाला?"

बुवांचे हात थांबले...

"वाटतं की. पहिल्या दिवशी तर घास उतरेना."

"मग?"

"मग उठलो, नावेत बसलो आणि त्याच्या कीर्तनाला गेलो. अगदी पुढे जाऊन बसलो. बिचारा मला बघून पुढची ओळच विसरला." बुवा हसले. डोळे मात्र भरून आले होते. "मी खालून म्हटली, तेव्हा कुठे सावरला."

 शेठ खाली बघत अगदी हळू बोलले.

"काल मुकुंदा घरी आला होता, बुवा. उद्याचं बोलावणं करायला. मी दार उघडलं नाही. आतच बसून राहिलो. कितीतरी वेळ उभा होता दाराशी..."

बुवांनी शेंगा बाजूला सारल्या.

"गिऱ्हाइकं जातील म्हणून नाही हो. उद्यापासून सकाळी त्याचा हातोडा ऐकू येईल, आणि तो माझ्या घरातला नसेल."

माणूस कठोर नव्हता. एकटं पडायला घाबरला होता, इतकंच. बुवांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"नरहर, मला एक तांब्या हवाय."

"आत्ता पाठवतो. घरचाच..."

"तुझ्याकडचा नको. उद्या त्याच्याकडून आण. दुकान उघडलं की पहिली पायरी तू चढ. पहिली विक्री, त्याची भवानी, तुझ्या हातची होऊ दे."

 शेठांनी उपरण्याने डोळे पुसले.

"आणतो. पोरगा मागेल त्याच्या दुप्पट देतो."

"खबरदार!" बुवा म्हणाले. "गिऱ्हाइकासारखी चांगली घासाघीस कर. नाहीतर त्याला वाटेल, शेठ अजून शेठच आहेत."