अळणी राज्याचा शाप

एका राज्यात भर पंगतीत पाहुणा जादूगार म्हणाला, "आमटीत मीठ कमी आहे." राजाने त्याला पानावरून उठवले. जादूगार उंबऱ्यात वळला.

"राजा, दोन विषे एकमेकांच्या गळ्यात पडेपर्यंत तुझे राज्य अळणी!"

झाले! बरण्या रित्या झाल्या, समुद्र गोडमिट्ट झाला, आणि राजाच्या आसवांतलाही खारटपणा गेला. राजा खंगत चालला.

ती दोन विषे शोधायला राजकन्या चारुशीला बोलकी साळुंकी घेऊन मूलतत्त्वांच्या नगरीत गेली. तिथे अठरा आळ्या. एका आळीतल्यांचा स्वभाव एक, कारण गळ्यातल्या सर्वांत बाहेरच्या माळेत मोत्यांची संख्या सारखी.

शेवटच्या आळीतली माणसे सभ्य दिसली. राजकन्येने हात पुढे केला. कोणी ढुंकून पाहीना!

"बाईसाहेब, यांच्या माळेत आठ मोती पुरे आहेत. यांना कोणाची गरज?" साळुंकी म्हणाली.

शेजारच्या सतराव्या आळीत क्लोरसेन भेटला. श्वास हिरवा, हुंगेल तो मरेल! मोती सात. त्याने भावाशी एकेक मोती सामाईक धरला; दोघांचे आठ-आठ भरले. पण विष ते विषच.

"आता पहिली आळी," साळुंकी म्हणाली.

"ती तर पेटती माणसे!"

"म्हणूनच."

तिथे सोडिया तेलात बुडून बसलेली. पाणी दिसले की भडकायची; जिभेला लागली तर जाळून टाकणारे विषच! बाहेरच्या माळेत एकच मोती, तोही तिला नकोसा. तो गेला की आतली आठ मोत्यांची भरलेली माळच बाहेरची होणार.

दोघांना दरबारात, पलंगावर पडलेल्या राजासमोर आणले. क्लोरसेनला पाहताच सोडियाने मोती त्याच्या माळेत टाकला मात्र, पिवळा लोळ उठला! सरदार गालिच्याखाली शिरले. प्रधानजींनी सिंहासनामागे दडी मारली.

"बाबा!" चारुशीला किंचाळली. आपल्याच हातांनी बापाला मारले, असे तिला वाटले.

धूर निवळला. सोडिया नाही, क्लोरसेन नाही. राजाच्या मिशांवर पांढरे कण. त्याने जीभ फिरवली आणि तो ताडकन उठून बसला.

"मीठ!"

"ते विष आणि ती आग... हे आपण खातो?" चारुशीलेचा आ मिटेना.

राजाच्या गालावरून आसू ओघळले. खारट.

"पाहुण्याला बोलवा," तो म्हणाला. "आमटी अळणीच होती."

जादूगार आला, पानावर बसला. शाप सरला, समुद्र खारावला. तेव्हापासून त्या राज्यात पान वाढताना पहिला मान त्या जोडप्याचा: डावीकडे वर, चिमूटभर.