भरलेल्या हातांची सभा

एकदा एक शिष्य अकरा पानांचे भाषण हातात घेऊन आपल्या वृद्ध आचार्यांसमोर उभा राहिला, आणि पहिले पान संपण्यापूर्वीच आचार्यांनी कपाळाला हात लावला.

दृष्टांतकथांतील गुरू बहुधा शांत असतात. शिष्याने कितीही मूढपणा केला तरी ते मंद स्मित करतात आणि योग्य क्षणाची वाट पाहतात. हे आचार्य तसे नव्हते. खाडीकाठच्या टेकडीवर त्यांची पाठशाळा होती, तिथे ते चाळीस वर्षे वक्तृत्व शिकवीत होते. आणि चाळीस वर्षे भाषणे ऐकून माणसाच्या स्वभावात जो त्रासिकपणा उतरतो, तो त्यांच्यात पुरेपूर उतरला होता.

प्रसंग मात्र त्रागा करण्याचा नव्हता, तातडीचा होता. टेकडीच्या पायथ्याशी, खाडीला लागून, शिष्याची खालची वाडी होती. तिची भातशेती भरतीच्या पाण्याहून खोलगट. मातीचा एक लांब बांध खारे पाणी अडवून धरी, म्हणून ती शेती होती. त्या वर्षी खेकड्यांनी पोखरलेल्या जागी बांधाला खांड पडली. खांड बुजवण्याच्या कामाला एक विचित्र अट असते: ते एकाच ओहोटीत पुरे व्हावे लागते. अर्धवट राहिले, तर पुढची भरती सगळी नवी माती धुऊन नेते आणि खांड आणखी रुंद करून जाते. खालच्या वाडीत धडधाकट माणसे चाळीस. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा खाडी जिंकली. आता चार दिवसांवर अमावास्येचे उधाण आले होते. रोजच्या भरतीचे पाणी अजून बांधाआतल्या चरात मावत होते, पण उधाणाचे खारे पाणी एकदा शेतात शिरले की ती जमीन तीन वर्षे भात देत नाही. आणखी साठ माणसे हवी होती. ती फक्त टेकडीपलीकडच्या वरच्या वाडीत होती, आणि वरची वाडी यायला तयार नव्हती. परवा तिथे सभा होती. खालच्या वाडीने एकमताने ठरवले की बोलणे शिकलेला आपला एकच मुलगा आहे, त्यानेच बोलावे. शिष्याच्या वडिलांचे शेत खांडीच्या अगदी तोंडाशी होते.

"थांब," आचार्य म्हणाले. "हे तांबड्या शाईत काय लिहिले आहेस?"

"खुणा आहेत, गुरुजी. कुठे थांबायचे, कुठे हात उंचावायचा."

आचार्यांनी पान डोळ्यांजवळ नेले. "'येथे कंठ दाटावा.'" त्यांनी पान खाली घेतले. "कंठ दाटण्याची जागा आधीच नेमून ठेवलीस? आणि नाही दाटला तर?"

"सराव केला आहे. दाटतो."

"नारायणा!" आचार्य म्हणाले. "पुढे वाच."

शिष्य पुढे वाचू लागला. ऐक्याचे माहात्म्य झाले, दोन संस्कृत श्लोक झाले, आणि चौथ्या पानावर समुद्रमंथन सुरू झाले.

"हे इथे कशाला?"

"खाडीचा विषय आहे, गुरुजी. शिवाय देव आणि दानव यांनी वैर विसरून एकत्र येऊन—"

"यात दानव कोण? तुम्ही की वरची वाडी?"

शिष्य गोंधळला. सरावात ही शंका कधी आली नव्हती.

आचार्यांनी हात पुढे केला, अकराही पाने घेतली, एका फडक्यात गुंडाळली आणि आपल्या बैठकीखाली सारून ते तिच्यावर नीट बसले. "उद्या पहाटे बांधावर जा. खांडीच्या कडा खचू नयेत म्हणून तुमची माणसे माती टाकताहेत ना? त्या ओळीत उभा राहा."

"आणि भाषण?"

"भाषणाचीच तयारी सांगतो आहे."

"गुरुजी, मध्ये एकच दिवस उरला आहे!" शिष्याचा आवाज चढला. "समारोप अजून बसत नाही. आणि तुम्ही मला चिखल वाहायला पाठवता?"

"एकच दिवस उरला आहे म्हणूनच पाठवतो. चार दिवस असते, तर दोन दिवस आधी तुझ्याशी वाद घातला असता."

दुसऱ्या दिवशी शिष्य रागातच बांधावर गेला. खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतला, चिखल कापायचा, त्याचा गोळा करायचा, आणि माणसांच्या ओळीतून हातोहात खांडीपर्यंत पोहोचवायचा, अशी तिथली रीत होती. टोपलीपेक्षा गोळा बरा, कारण रिकामी टोपली परत आणण्यात ओहोटी वाया जाते. शिष्याला ओळीत जागा मिळाली ती बायजाकाकीच्या शेजारी. बायजाकाकी साठीची होती. तिच्या तोंडाला आणि हाताला एकाच वेळी विश्रांती मिळालेली कोणी पाहिली नव्हती.

शिष्याने पहिला गोळा घेतला. कोणतेही काम सुबक करावे अशी त्याची वृत्ती. त्याने तो वळून गुळगुळीत केला आणि मगच पुढे दिला. मागे तीन माणसे खोळंबली.

"अरे पंडिता, मोदक करतोयस काय?" बायजाकाकी ओरडली. "दे इकडे!"

मग त्याने घाई केली. दोन गोळे एकत्र करून एक मोठा गोळा टाकला. तो तिच्या हातात फुटला आणि निम्मा तिच्या लुगड्यावर गेला. मग त्याने छोटे गोळे भराभर टाकले. तिसरा टाकला तेव्हा आधीचा अजून तिच्या हातातच होता. गोळा तिच्या मनगटावर आपटून पाण्यात पडला.

"डोळे फुटले काय तुझे?" काकी आता खरोखरच संतापली होती. "हात भरलेत माझे, दिसत नाही? हातातला जाईल तेव्हा दुसरा घेईन ना! आणि त्या गोळ्याकडे काय टक लावून बघतोस मघापासून? गोळा कुठे पळून जात नाही. माझ्याकडे बघ!"

ओळ हसली. त्यानंतर शिष्य काकीच्या हातांकडे पाहू लागला आणि गोळे पडणे थांबले.

दुपारी भरतीचे पाणी चढू लागले, तशी ओळ मोडली. आचार्य काठी टेकत बांधावर आले होते. चिखलाने माखलेल्या शिष्याने त्यांना पाहताच मनातली सगळी धुसफूस बाहेर काढली. "दिवस गेला, गुरुजी. उद्या मी तिथे काय बोलणार आहे, हे अजून मला ठाऊक नाही."

"आज किती गोळे पाण्यात घातलेस?"

"सुरुवातीला बरेच. नंतर नाही."

"नंतर गोळे बदलले?"

"नाही. बायजाकाकीचे हात पाहू लागलो."

आचार्यांनी सुस्कारा टाकला. त्या सुस्काऱ्यातही थोडी चीड होती. "चाळीस वर्षे मी हेच सांगतो आहे, आणि प्रत्येक नवा वक्ता गोळा वळत बसतो. तो सुंदर झाला, आता सभा त्याचे काय करायचे ते करील, अशा भ्रमात व्यासपीठावर चढतो. देणाऱ्याच्या हातातून सुटले म्हणजे दिले, असे होत नाही. घेणाऱ्याच्या हाती पडले, तर दिले. आणि तुझी त्याहून मोठी चूक वेगळीच आहे. वरच्या वाडीचे हात रिकामे आहेत असे तुला वाटते?"

शिष्य हातावरचा चिखल खरवडू लागला.

"तुझ्या ऐक्याला ते कुठे जागा देतील? त्यांच्या हातात तीन वर्षांपासून काहीतरी आहे. ते काय आहे, ते तुला ठाऊक आहे. अकरा पानांत मला ते कुठेच दिसले नाही."

"बैल," शिष्य हळूच म्हणाला.

तीन वर्षांपूर्वी वरच्या वाडीतल्या रावजीचा बैल विहिरीत पडला होता. वाडीतले पुरुष त्या दिवशी बाजाराला गेले होते. बायका आणि म्हातारे टेकडीच्या कड्यावर येऊन खाली हाका मारीत राहिले. खालून कोणी आले नाही, आणि बैल संध्याकाळी मेला. वारा उलटा होता, हाक ऐकू आली नाही, असे खालची वाडी तेव्हापासून सांगत आली होती.

"वारा उलटा होता?" आचार्यांनी विचारले.

शिष्याने चढत्या पाण्याकडे पाहिले. "नव्हता. मी अंगणातच होतो. वडील म्हणाले, ऊन उतरू दे, मग जाऊ. शेजारीही तेच म्हणाले."

"मग?"

"हे मी सभेत सांगितले, तर आमची वाडी मला घरात घेणार नाही, गुरुजी."

"ते शक्य आहे," आचार्य म्हणाले, आणि काठी टेकत टेकडी चढू लागले.

सभा दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वाडीच्या देवळासमोर भरली. माणसे आली होती, पण बसण्याच्या तऱ्हेवरून ती लवकर उठण्यासाठी आली आहेत, हे उघड होते. आचार्य शिष्याच्या मागे एका दगडावर टेकले. खालच्या वाडीतून शिष्याचे वडील आणि आणखी दोघे आले होते.

"बोल बाबा," कोणीतरी म्हणाले. "काय पाठ करून आलायस ते एकदाचं म्हणून टाक. गुरं सोडायची आहेत."

शिष्याने समोर पाहिले. हाताची घडी घातलेले, तोंड वळवलेले, पायाने माती उकरणारे लोक. "तीन वर्षांपूर्वी तुमच्या विहिरीत बैल पडला," तो म्हणाला. "तुम्ही कड्यावरून हाका मारल्यात. त्या आम्हाला ऐकू आल्या होत्या."

शिष्याच्या वडिलांनी मान खाली घातली.

"वारा उलटा नव्हता. मी अंगणात होतो. ऊन उतरल्यावर जाऊ, असं आम्ही ठरवलं."

मागे भिंतीला टेकून बसलेला रावजी उठून उभा राहिला. वाळलेला, उंच म्हातारा. "मग?" त्याने विचारले. "उतरलं काय ऊन?"

"उतरलं. तरी आलो नाही."

यानंतर जो गदारोळ झाला त्याचे वर्णन कथेत सविस्तर येत नाही, आणि ते बरेच आहे. 'वाऱ्यावर खापर फोडणारे' हा त्यातला सर्वांत सौम्य शब्द होता. एका बाईने शिष्याच्या वडिलांना नाव घेऊन सुनावले. शिष्याच्या ओठांवर दोन उत्तरे आणि एक श्लोक येऊन गेला; त्याने तिन्ही गिळले. तो फक्त पाहत राहिला. बराच वेळ लोक बोलत होते, मग एकेक जण बोलून मोकळा होऊ लागला, आणि शेवटी एकटा रावजी उरला.

"त्याचं नाव पवळ्या," तो म्हणाला. "तुमच्यातल्या एकालाही ठाऊक नसेल." आणि तो बसला.

शिष्याने आणखी थोडे थांबून मग तोंड उघडले. "आमच्या बांधाला आठ हातांची खांड आहे. आम्ही चाळीस जण आहोत. एका ओहोटीत ती बुजवायला शंभर लागतात. परवा उधाण आहे. तुमची शेतं उंचावर आहेत. तुमचं काही बुडणार नाही. आमचं बुडेल. उद्या सकाळी ओहोटी आहे, तुम्ही यावं अशी विनंती करायला आलो आहे."

मघाशी वडिलांना सुनावणारी बाई पदर खोचत उठली. "फावडी तुम्ही देणार, की आम्ही आणायची?"

"आणलीत तर बरं होईल."

"दांडे तरी धड आहेत काय कोणाचे," ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, आणि चालू लागली. तिच्यामागे आणखी काही जण उठले.

सभा आपल्या हातून निसटते आहे असे वाटून शिष्य एक पाऊल पुढे सरसावला. "थोडं थांबा! अजून समारोप—"

आचार्यांनी मागून त्याचे उपरणे खेचले. "बस खाली!"

"पण गुरुजी, मुख्य मुद्दा तर अजून—"

"ते फावडी शोधायला निघाले आहेत, मूर्खा! त्यांना थांबवून आता फावड्यांचे महत्त्व पटवतोस काय?"

शिष्य खाली बसला.

साठ माणसे आली नाहीत, त्रेपन्न आली. रावजीही आला. तो ओळीच्या पार टोकाला उभा राहिला आणि खालच्या वाडीतल्या कोणाशी एक शब्दही बोलला नाही, पण त्याच्या हातून एकही गोळा पडला नाही. पाणी परतू लागले तेव्हा खांडीत अजून कमरेइतकी खोली उरली होती. गुडघाभर पाण्यात उभे राहून त्र्याण्णव माणसांनी ती भरली, वरून पायांनी तुडवली, आणि भरती बांधाला येऊन टेकली तेव्हा बांध जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशीच्या उधाणातही तो हलला नाही.

काम संपले त्या दुपारी दोन्ही वाड्यांची माणसे बांधावर बसली होती. पाठ वाकलेली, हात कोपरापर्यंत राखाडी. खालच्या वाडीत सकाळपासून भाताची आणि आमटीची मोठी पातेली चढली होती. वाडीतल्या वडीलधाऱ्यांना वाटले, अशा प्रसंगी आभाराचे दोन शब्द व्हायला हवेत. त्यांनी शिष्याला पुढे केले. या वेळी त्याच्या वडिलांनीही मान हलवली.

शिष्य उभा राहिला. घसा साफ केला. मग त्याने समोर बसलेल्यांकडे, एकेकाकडे, नीट पाहिले. कोणी मनगट चोळीत होते, कोणी वाऱ्याबरोबर येणाऱ्या आमटीच्या वासाकडे तोंड करून बसले होते.

"जेवायला चला," तो म्हणाला.

सगळे उठले. आचार्यही काठी टेकत उठले. त्या भाषणात त्यांनी एकही दुरुस्ती सुचवली नाही.