काशीच्या कानावरचा थेंब

"अप्पा, मुक्या जनावराचं रक्त काढताय?"

मन्मथ मठाच्या दारातच थबकला. 'शरणार्थ' म्हणून नमस्कार करायचंही त्याला सुचलं नाही.

चन्नवीर अप्पा ओट्यावर बसले होते. मांडीवर काशी, मठाची म्हातारी मांजर. अप्पांच्या हातात सुई होती आणि काशीच्या कानाच्या कडेला मोहरीएवढा रक्ताचा थेंब.

"हो," अप्पा म्हणाले.

थेंब त्यांनी साखर मोजायच्या मशीनच्या पट्टीला लावला. कान कापसानं दाबून धरला. मशीनवर आकडा उमटला, तो वाचला. काशीपुढं वाटी सरकवली. ती खाऊ लागल्यावर मानेवरची कातडी चिमटीत धरून इन्सुलिन टोचलं.

"तिला साखरेचा आजार आहे. रोज बघावं लागतं."

उदगीरचं कापडाचं दुकान भावाच्या हवाली करून मन्मथ दीक्षा मागायला आला होता. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून तो खाली बघून चालायचा. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण तोच सांगायचा.

"माझ्या हातून आजवर कुणाचं रक्त सांडलं नाही," तो म्हणाला. "आणि मी ज्यांच्या पायाशी आलो..."

"तू मठात राहा," अप्पा म्हणाले. "दीक्षेचं नंतर बघू."

तो राहिला. रोज समोर बसून बघू लागला. कान तळव्यात धरून ऊब द्यायची, कडेला टोचायचं, आकडा वाचायचा, मग पुढचं. त्याला सगळं पाठ झालं. सुईला मात्र त्यानं हात लावला नाही.

एके दिवशी सकाळीच निरोप आला. शेजारच्या गावातली एक म्हातारी लिंगैक्य झाली होती. अंत्यविधीला अप्पांना जाणं भाग होतं.

"काशी तुझ्यावर सोपवतो," ते निघताना म्हणाले. "आधी साखर बघ. आकडा खाली असला, नाहीतर ती जेवली नाही, तर इन्सुलिन द्यायचं नाही. मला फोन कर."

"जमेल, अप्पा."

अप्पा परतले तेव्हा दुपार कलली होती.

काशी ओट्याखाली आडवी पडली होती. पाय झटके देत होते. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते. मन्मथ शेजारी उकिडवा बसला होता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"अप्पा, ती चालता चालता पडली... आत्ताच... मी काही केलं नाही."

अप्पांनी देवघरातली मधाची बाटली आणली. बोट बुडवून काशीच्या हिरडीवर मध चोळला. पुन्हा चोळला. मग कानाला टोचून थेंब पट्टीला लावला.

आकडा चाळीसच्याही खाली होता.

अप्पांनी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. "निघालो," डॉक्टर म्हणाले. "मध लावत राहा. थोड्या वेळानं परत साखर बघा."

फोन खाली ठेवून अप्पा पुन्हा हिरडी चोळू लागले. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"इन्सुलिन दिलंस?"

"दिलं. रोजच्याइतकंच."

"साखर बघितलीस?"

"नाही."

"जेवली होती?"

"वाटीचा वास घेतला... मग कोपऱ्यात जाऊन बसली."

"साखर का बघितली नाहीस?"

"कानाला टोचायला हात होईना, अप्पा. म्हटलं, माझ्या हातून रक्त नको."

"इन्सुलिनची सुई टोचवली?"

"त्यानं... रक्त येत नाही."

अप्पांचं बोट क्षणभर थांबलं. मग पुन्हा चोळू लागलं.

आपण काय बोललो ते मन्मथला आता ऐकू आलं. आजवर न चिरडलेल्या साऱ्या मुंग्या डोक्यातून पुसल्या गेल्या. समोर एवढीशी मांजर होती, आणि तिचे झटके.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.

झटके ओसरले. काशीनं जीभ बाहेर काढली. अप्पांच्या बोटावरचा मध चाटला. मान उचलायला गेली, ती लटपटली आणि पुन्हा खाली आली.

मन्मथनं अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं. "मी उद्याच्या गाडीनं जातो. मी दीक्षेच्या लायकीचा नाही."

"उद्याचं उद्या," अप्पा म्हणाले. त्यांनी नवी सुई त्याच्या हातात ठेवली. "आत्ता तिची साखर बघायचीय."

"मी?"

अप्पा मध लावत राहिले.

मन्मथनं काशीचा कान तळव्यात धरला. कान गार होता. ऊब येईपर्यंत त्यानं तो धरून ठेवला. मग सुई कडेशी नेली. त्यानं डोळे घट्ट मिटले आणि ओठांतल्या ओठांत शिवनाम सुरू केलं.

"डोळे उघड," अप्पा म्हणाले. "मिटायचे ते देवापुढं मीट."