कोंबडीचं कडं

तिरवळवाडीच्या वरच्या अंगाला कातळ आहे. त्या कातळावर परातीएवढं एक गोल कडं उमटलेलं आहे. कुणी कोरलेलं नाही, पण बोट फिरवलं तर खोलगट लागतं. वाडीतली पोरं पहिला भात इथेच खातात. बाळं घेऊन आलेल्या लेकीसुनांना शेवंतामावशी त्या कड्याची गोष्ट सांगतात, ती अशी.

फार मागे एका वर्षी पाऊस दडी मारून बसला. भात करपला. डोंगरउतारावर तेवढा हरीक आला. हरीक हे गरिबाचं धान्य, पण लबाड. जुना करून खाल्ला तर पोट भरतो, नवा कधीकधी लागतो. मोठ्या माणसाला गरगरतं, तान्हं पोर तर निजलं की उठत नाही म्हणतात. पण त्या वर्षी जुना होईपर्यंत थांबायला कुणाला जमणार?

कातळाशेजारी येसूआयचं घर होतं. तिची सून आवडी. आवडीची दोन बाळं आधी गेली होती, तिसरं, एक मुलगा, मांडीवर होतं. अंगावरचं दूध आटत आलेलं. म्हणून येसूआयने, कधीकधीच तर लागतो असं मनाशी धरून, नव्या हरकाचा मऊ भात शिजवला आणि म्हणाली, "घाल आज झिलाच्या तोंडात. किती दिवस नुसतो रडात तो?"

आवडी कातळावर बसली. पहिला घास मळला, फुंकर घातली. उपाशी माणसाचा हात तो, बोटांत जोर नव्हता. घास खाली पडला.

येसूआय कडाडली, "हाताक भोकां पडली काय गो तुझ्या? उचल, झटक नि घाल!"

आवडीचा हात पुढे झाला आणि तिथेच थांबला. इथून गुरं जातात, माणसं जातात. आधीच्या दोन बाळांना काय बाधलं ते तिला अजून कळलं नव्हतं, म्हणून तिला सगळ्याचंच भय वाटायचं. "पडलेलं नको, आये," ती हळूच म्हणाली, "मडक्यातलं चांगलं घालते."

"राणीसायबांचा झील मा तो!" येसूआय म्हणाली.

तेवढ्यात घरची तांबडी कोंबडी आली आणि पडलेला घास टिपून गेली. आवडीने मडक्यातून दुसरा घास घेतला, जपून मळला. पण तिची एक नजर कोंबडीवर होती. पडलेल्याने कोंबडीला काही होतं का, हे तिला बघायचं होतं. बाळाने तोंड उघडलं. घास ओठांना लागला, आणि कोंबडी गोल फिरायला लागली. एक पंख कातळाला घासत ती त्याच जागी गिरक्या घेत राहिली, आणि मग आडवी झाली.

आवडीने घास भिरकावला. बाळाचे ओठ पदराने पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. कोंबडी तर रोज याच कातळावर टिपायची; खोट जमिनीत नव्हती, मडक्यात होती.

येसूआयने मडकं उपडं केलं आणि घराघरांतून ओरडत सुटली, "नवो हरीक पोरांक घालू नको गो!" चुलीवरची मडकी उतरली. त्या वर्षी वाडीने रानातले करांदे खणून, उकडून दिवस काढले. एकही पाळणा रिकामा झाला नाही, असं सांगतात.

कोंबडीचं काय झालं? कुणी म्हणतं उठली, कुणी म्हणतं नाही उठली. तिच्या गिरक्यांचं कडं मात्र कातळात राहिलं. आणि येसूआयने सुनेचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले, म्हणे. "हीच भोकां माका पावली," म्हणाली.

आजही तिरवळवाडीत कुणा पोराच्या हातून घास पडला तर तो त्याला देत नाहीत, आणि पडला म्हणून त्याला रागावतही नाहीत. राखणीला गेला म्हणतात आणि कोंबडीला घालतात. आजही बाळाच्या पहिल्या भाताला आई पहिला घास मुद्दाम कड्यात सांडते. सगळी बायकामाणसं कोंबडीची वाट बघत बसतात. ती येते, टिपते, पंख झाडून सरळ चालायला लागते. मग सासू दरडावून विचारते, "हाताक भोकां पडली काय गो तुझ्या?"

आणि सून हात जोडून म्हणते, "पडली, आये, पडली."

मगच बाळाचं तोंड गोड होतं.