निळा रंग

आंबेवाडीच्या ओढ्याकाठी अच्युतगिरी महाराजांची मठी होती. महाराज वाटसरूंना पाणी पाजत आणि बोलत फार थोडे. दर फाल्गुनात तुळाजी बहुरूपी गावात येई, तो मठीतच उतरे. सात दिवस सात सोंगं घ्यायची आणि आठव्या दिवशी धुतल्या तोंडाने घरोघर शिधा मागायचा, ही त्याच्या लोकांची रीत. त्या दिवशी एकच दार तो टाळी. येसाजी कारभाऱ्यांचं.

कारण कारभाऱ्यांची सून साळू ही त्याची पोटची लेक होती. आई गेल्यावर मामाने तिला आपली मुलगी म्हणून या घरात दिली होती, आणि तोंड उघडू नये अशी तुळाजीला शपथ घातली होती. उघड्या चेहऱ्याने तो अंगणात उभा राहता, तर नाकाडोळ्यांनीच सारं सांगितलं असतं.

त्या वर्षी सातव्या दिवशी तो शंकर होऊन कारभाऱ्यांच्या अंगणात आला. अंगभर निळा रंग.

"माते, भोळ्याला भाकर वाढ! कैलासात पार्वती रुसलीय, चूल थंड!"

बायका खुदखुदल्या. येसाजी ओसरीवरून म्हणाले, "देवाचं सोंग अन् पोटाचं ढोंग! धड एक तरी तोंड आहे का रे तुला?"

"आहे की, मालक. पण ते तुमच्या दारी आणायचं नाही, अशी शपथ हाय."

साळूने झोळीत भाकरी टाकली. मान खाली घालून तीही सगळ्यांबरोबर हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळाजी मठीच्या पायरीवर निळाच्या निळा पडलेला दिसला. गाव जमलं, पण पुढे कुणी होईना.

"ऊठ रे!" येसाजी हसले. "गेल्या साली प्रेताचं सोंग आणलंस, तेव्हाही बायांनी गळे काढले होते." त्यांनी पंचा भिजवून त्याचं तोंड खसाखसा पुसलं. पंचा पांढराच राहिला. बोटांना मात्र थंडगार गाल लागला, तसे कारभारी चरकले. "महाराज, हा तर खरंच गेला! मग रंग का निघत नाही?"

महाराज म्हणाले, "येसाजी, हा रोज सांजेला ओढ्यावर सोंग धुऊन टाकत असे. धुवायचे राहिलो आहोत ते आपण. याचं माणूस पुढे आल्यावाचून हा रंग निघायचा नाही."

बायकांच्या मागे साळू उभी होती. पुढे झालं तर घर जाईल, मागे राहिलं तर बाप बेवारशी जाईल. लग्नानंतरच्या अकरा वर्षांत तिने आपलं सोंग एकदाही उतरवलं नव्हतं. एवढ्या गावात धुतल्या तोंडाने हिंडायची छाती एकाच माणसाची होती, आणि तो तिचा होता!

ती पायरी चढली. पदर भिजवून तिने कपाळावरून फिरवला, आणि काय सांगावं, भाविकहो! निळा रंग जसा काही तिचीच वाट पाहत होता. सारा पदरात उतरला. खाली शांत, हसरा चेहरा उघडला. तेच कपाळ, तीच हनुवटी.

येसाजी एकदा त्या चेहऱ्याकडे, एकदा सुनेकडे पाहत राहिले. मग पागोटं उतरवून त्यांनी तुळाजीच्या पायांवर डोकं ठेवलं. "व्याह्याला मी ढोंगी म्हणालो, महाराज! पहिला खांदा माझा." आणि तसंच वाकून विचारलं, "सूनबाई, गावाला काय सांगू? कोण हे?"

साळूने मान वर केली. शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"तुळाजी बहुरूपी. माझा बा."