राजमाता आणि घळीची वाट

खूप खूप जुन्या काळी, डोंगरांच्या पायथ्याशी एक छोटंसं राज्य होतं. राजा तरुण होता, न्यायी होता, आणि त्याचा आपल्या आईवर फार जीव होता. इतका जीव, की त्यातूनच ही गोष्ट घडली.

राजमातेचं नाव तुळजाबाई. त्या मूळच्या डोंगरमाथ्यावरच्या खेड्यातल्या. लहानपणी त्यांनी बहिणीबरोबर लाकडाच्या मोळ्या वाहिल्या होत्या, जात्यावर दळण दळलं होतं. पण थोरले महाराज गेले आणि राजानं हुकूम काढला, "आईसाहेबांनी आता कष्ट करायचे नाहीत. त्यांच्या हाती फुलापेक्षा जड काही द्यायचं नाही."

हुकूम तंतोतंत पाळला गेला. पाण्याचा तांब्या दासी तोंडाशी धरायच्या. बागेत जायलासुद्धा पालखी असायची. पाटावरून उठताना दोघीजणी दोन बाजूंनी हात द्यायच्या.

सुरुवातीला तुळजाबाईंना गंमत वाटली. मग सवय झाली. मग एके दिवशी देवघरातली समई सरकवायला गेल्या, तर समई हलली नाही आणि त्याच तोल जाऊन खाली बसल्या. गुडघे दुखायचे, रात्री झोप लागायची नाही, जेवण गोड लागायचं नाही.

"वय झालं आता," त्या म्हणायच्या. आणि सगळे माना डोलवायचे.

अशात एक धनगर डोंगरावरून निरोप घेऊन आला. निरोप होता त्यांच्या थोरल्या बहिणीचा, कोंडाईचा.

"आईसाहेब, कोंडाईंनी सांगितलंय, डोळे अधू होत चाललेत. अजून थोडं दिसतंय. तेवढ्यात एकदा येऊन तोंड दाखवून जा."

तुळजाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी राजाला बोलावलं.

राजा विचारात पडला. बहिणीच्या गावाला जायची वाट एका घळीतून होती. दोन्हीकडे कातळ, मधे उंच उंच पायऱ्या. माणूस जेमतेम जाईल एवढी जागा. पालखी तिथं शिरणार कशी?

"मावशींनाच खाली आणू," राजा म्हणाला.

"तिला नीट दिसत नाही रे. त्या पायऱ्या ती उतरणार कशी?"

"मग एखादा दणकट गडी तुम्हाला पाठीवर घेईल."

"बहिणीच्या दारात मी धान्याच्या पोत्यासारखी उतरू?" तुळजाबाई म्हणाल्या. "जाईन तर माझ्या पायांनी जाईन."

राजवाड्यामागं तालीम होती. हैबती वस्ताद तिथं पोरांना कुस्ती शिकवायचे. दाढी पांढरी झाली तरी खांदे अजून भरदार होते. तुळजाबाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं.

वस्तादांनी समोरच्या चौरंगाकडे बोट दाखवलं. "आईसाहेब, यावर बसा. आता हात न टेकता उठून दाखवा."

तुळजाबाईंनी पुन्हा पुन्हा जोर केला. उठता आलं नाही.

"खरं सांगा वस्ताद. हे म्हातारपण ना?"

"थोडं बळ म्हातारपणानं नेलं," वस्ताद म्हणाले, "आणि पुष्कळ त्या पालखीनं. म्हातारपणाचं मला सांगता येत नाही. पालखीनं नेलेलं मात्र परत आणता येईल. घाई करायची नाही, एवढं कबूल करा."

कबूल झालं. वस्तादांनी चौरंगावर पाट रचून तो उंच केला. एवढ्या उंचीवरून तुळजाबाईंना सहज उठता आलं. बसायचं, उठायचं, दम खायचा, पुन्हा बसायचं. ते सोपं झालं की एक पाट काढायचा. हातात वाळूच्या छोट्या पिशव्या दिल्या. त्या हलक्या वाटू लागल्या की मूठभर वाळू वाढवायची. एक दिवस मेहनत, एक दिवस आराम. मुदपाकखान्यात सांगून ठेवलं की आईसाहेबांच्या ताटात दूध, दही आणि डाळ-उसळ रोज हवी.

पहिल्या आठवड्यात अंग असं आंबलं की कूस बदलतानाही त्या विव्हळायच्या. पण हळूहळू भूक लागू लागली. अंथरुणाला पाठ टेकली की झोप यायची. गुडघ्यांची कुरकुर कमी झाली. एका सकाळी दासी तांब्या घेऊन आली, तर राजमाता स्वतःच घागर कलती करून पाणी ओतून घेत होत्या. दासी खुदकन हसली आणि तुळजाबाईही.

मग मात्र त्यांना जरा चेव आला. कुणी नाही असं बघून त्यांनी तालमीतला पैलवानांचा जड लाकडी मुद्गल उचलला. कंबरेत अशी उसण भरली, की तिथंच ओणव्या राहिल्या.

राजा धावत आला. तो फार रागावला होता. "वस्तादांना आजच्या आज घरी पाठवतो. पुरे झालं हे."

"चूक वस्तादांची नाही, माझी आहे," अंथरुणावरून तुळजाबाई म्हणाल्या. "त्यांनी नको सांगितलं होतं."

"पण आईसाहेब, तुम्हाला सुख मिळावं एवढंच मी पाहिलं ना?" राजा म्हणाला.

तुळजाबाईंनी त्याला जवळ बसवलं. "तुझी माया खरी आहे, बाळा. पण तू माझ्या हातातलं सगळं काढून घेतलंस, आणि हातांना वाटलं, आपलं काम संपलं. ते काम त्यांना परत दे."

राजानं वस्तादांना घरी पाठवायचा विचार सोडून दिला.

कंबर बरी झाल्यावर वस्तादांनी पुन्हा हलक्या पिशव्यांपासून सुरुवात केली. या खेपेला तुळजाबाईंनी घाई केली नाही.

सुगी उरकली आणि त्या निघाल्या. सोबत राजाही होता. घळीच्या तोंडाशी दोघं आपापल्या पालखीतून उतरली. तुळजाबाई काठी टेकत, प्रत्येक वळणावर थांबत, पण एकेक पायरी आपल्या पायांनी चढत राहिल्या. अर्ध्या वाटेवर त्यांनी मागं वळून पाहिलं, तर राजा कातळाला टेकून धापा टाकत होता. तोही तर रोज पालखीतूनच फिरायचा.

"हात दे," तुळजाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी लेकाला वरच्या पायरीवर ओढून घेतलं.

कोंडाई अंगणात बसली होती. तिनं डोळे बारीक करून पाहिलं. "तुळे? तू चालत आलीस?"

ती उठली आणि तिनं बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरून अगदी जवळून, मन भरेपर्यंत पाहिला. मग हात चाचपले आणि हसू लागली. "राणीच्या तळहाताला घट्टे कसले गं?" दोघी बहिणी हसता हसता रडल्या आणि रडता रडता पुन्हा हसल्या.

राज्यात परतल्यावर राजानं आपला हुकूम मागं घेतला. पालख्या फक्त आजाऱ्यांसाठी ठेवल्या, आणि रोज पहाटे तो स्वतः तालमीत जाऊ लागला. गावातले म्हातारेकोतारेही वाळूच्या पिशव्या घेऊन वस्तादांकडे यायला लागले.

पुढं कोंडाईची नजर पार गेली. पण बहिणीचं रूप तिच्या मनात पक्कं बसलं होतं. आणि तुळजाबाई दर सुगीनंतर घळ चढून तिच्याकडे येत राहिल्या, पुष्कळ वर्षं.

बोध: शरीराकडून नेमानं झेपेल तेवढी मेहनत करून घ्यावी आणि भार हळूहळू वाढवावा, म्हणजे उतारवयातही ते साथ देतं.